राबाची राख

लग्न होऊन 1994च्या उन्हाळ्यात मी सिल्वासाला आले, तेव्हा या गावाची पहिली ओळख झाली ती धुराची. यांची नोकरी मसाटच्या एका कारखान्यात, आणि बिऱ्हाड गावाच्या कडेला. पुढे सगळी शेतं. मला वाटलं, धूर कारखान्यांचाच असणार. पण त्याला शेणाचा आणि सुक्या पाल्याचा वास यायचा, आणि गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांवर काळे कण येऊन बसायचे. शेवटी दारावर भाजी घेऊन येणाऱ्या मावशींना विचारलं. त्या खानवेलकडच्या, वारली. म्हणाल्या, "राब भाजतात, बाय."

राब म्हणजे काय ते त्यांनी हातवारे करून सांगितलं. भाताचं रोप जिथे टाकायचं त्या तुकड्यावर आधी शेण पसरायचं, त्यावर झाडाच्या तोडलेल्या फांद्या, मग पालापाचोळा, गवत, आणि सगळ्यात वर मातीचा थर. वारा पाहून आग लावायची. मातीमुळे आग भडकत नाही, आत आत धुमसत राहते. मी म्हटलं, "अहो मावशी, किती किडामुंगी मरत असेल त्यात!" त्यांनी टोपली उचलली आणि म्हणाल्या, "मग भात कसा व्हायचा, बाय?"

तुम्ही माझ्या जागी असतात तर तुम्हीही गप्प बसला असतात. पण मनातून ते गेलं नाही. पुढे सासूबाई राहायला आल्या, त्यांच्यापाशी विषय काढला. सासर-माहेर दोन्ही शिरोळ तालुक्यातलं, दोन्ही घरं पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी. त्या म्हणाल्या, "नांगराखाली काय मरत नाही होय गं? त्याला उद्योगी हिंसा म्हणतात. शेती करणाऱ्याला ती टळत नाही. आदिनाथांनी असि, मसि शिकवलं, तसं कृषीही शिकवलं की." मी बी.ए.ला इतिहास घेतला होता, पण गोठ्याकडे इतिहास म्हणून बघायची बुद्धी मला तोवर झाली नव्हती. त्या दिवसापासून झाली म्हणा.

पहिला प्रश्न पडला तो आमच्या उकिरड्याचा. माहेरी परड्यात मोठा उकिरडा असायचा. वर्षभराचं शेण, वैरणीची पाचट, घरातली राख सगळं त्यात कुजायचं आणि उन्हाळ्यात गाड्या भरून शेतात जायचं. हे लोक तसं का करत नाहीत? आमच्या शिरोळला पाऊस जेमतेम. इथे वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटर, आणि तोही चार महिन्यांत. पसरलेलं खत पहिल्या मोठ्या सरीत ओढ्याला जातं. तणही भातापेक्षा लवकर डोकं काढतं. म्हणून सगळं शेत खतवण्याऐवजी रोपाचाच तेवढा तुकडा तयार करायचा. आगीने वरच्या मातीतलं तणाचं बी मरतं, राखेतून पालाश मिळतं, आणि रोप असं जोमदार येतं की आवणी झाल्यावर चिखलात पाय रोवून उभं राहतं. थोडं शेण आणि थोडा पाला, पण सगळा नेमक्या जागी.

मात्र यासाठी भाताच्या खाचराला जोडून बाकीचा संसार लागतो. शेणासाठी गुरं, गुरांसाठी पेंढा आणि गवत, गवतासाठी वरकस. वरकस म्हणजे चढावरची हलकी जमीन. तिच्यावर नागली, वरई, खुरासणी करायची, मग दोन-चार वर्षं ती गवताला सोडायची, आणि तिच्यावरच्या ऐनाच्या फांद्या राबाला आणायच्या. खाचराच्या बांधावर तूर. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल. दारात आंबा. यातलं एक काढलं की दुसरं लंगडं होतं.

आणि गेली दीडशे वर्षं कुणी ना कुणी यातलं एकेक काढत आलं आहे.

सरहद्दीपलीकडे, इंग्रजांच्या ठाणे जिल्ह्यात, जंगल खात्याने राबाला जंगलाचा शत्रू ठरवलं. फांद्या तोडण्यावर बंधनं आली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत इतका असंतोष झाला की 1885 साली सरकारला चौकशीसाठी फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. त्याचा अहवाल 1887चा. शेतकी खात्याने राबाचे प्रयोग करून पाहिले. 1889 मध्ये विलायतेहून डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर नावाचे शेतीरसायनाचे जाणकार हिंदुस्थानची शेती 'सुधारण्यासाठी' आले. त्यांचा अहवाल 1893 मध्ये छापून निघाला. राबाचा विचार त्यांनीही केला आहे. सुधारायला आलेल्या या माणसाने लिहून ठेवलं की हिंदुस्थानचा रयत सर्वसाधारण इंग्रज शेतकऱ्याच्या तोडीचा आहे, काही बाबतींत सरसच. आणि शेणाच्या गोवऱ्या का थापतात याचं उत्तर त्यांनी बाईच्या आळसात शोधलं नाही. सरपण मिळत नाही म्हणून शेण जळतं, तेव्हा लोकांना लाकूड मिळेल अशी व्यवस्था करा, असं त्यांनी सरकारलाच सुनावलं. चुलीपाशी बसणाऱ्या बाईची अडचण एका साहेबाला कळली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

सिल्वासात मात्र तेव्हा इंग्रज नव्हते. मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगीजांचं सांताना हे जहाज पकडलं होतं. त्याची भरपाई म्हणून 1779च्या तहाने नगर हवेलीच्या 72 गावांचा बारा हजार रुपयांचा वसूल पेशव्यांनी त्यांना तोडून दिला. 1783 मध्ये मुलूख प्रत्यक्ष त्यांच्या ताब्यात गेला. एका जहाजापायी इथला वारली, कोकणा, धोडिया शेतकरी पावणेदोनशे वर्षं पोर्तुगीज कायद्याखाली आला, आणि त्याला कुणी विचारलंही नाही. पोर्तुगीजांनी 'आल्वारा' आणि 'तेरें' अशा नावांनी जमिनी दिल्या. चांगल्या जमिनीचे मोठे पट्टे बाहेरच्या सधन लोकांकडे गेले. त्यांत व्यापारी होते, आणि खरं लिहायचं तर आपल्यासारखी सोवळी स्वयंपाकघरं असलेली घरंही होती. ज्याने पिढ्यान्‌पिढ्या खाचरं बांधली तो खंडाने कसू लागला. खंड गेल्यावर उरलेला भात होळीपर्यंतही पुरत नसे. मग नागलीची पेज, रानातले कंद, मोहाची फुलं. आपण कंद वर्ज्य मानतो; त्यांच्या पावसाळ्याचे दोन महिने त्या कंदांवर निघत. मावशींच्या आजीने पोरांना कडू कंद कसा शिजवून, वाहत्या पाण्यात ठेवून खायला घातला, हे ऐकताना मला आपल्या त्यागाचं जरा ओशाळवाणंच वाटलं.

2 ऑगस्ट 1954ला सिल्वासा मुक्त झालं. त्या लढ्यात सुधीर फडके होते, हे आपल्याला आवर्जून आठवतं. शेतकऱ्याच्या दृष्टीने त्याहून मोठी तारीख मात्र 1971ची. त्या वर्षीच्या जमीनसुधारणा कायद्याने आल्वारा आणि तेरें संपवायचं ठरलं. कसणाऱ्यांच्या नावावर तुकडे चढले. हे होईतो दमणगंगेवर मधुबन धरण उभं राहू लागलं. जलाशयाचं बरंचसं पाणी हवेलीच्या जमिनीवर पसरलं. खोऱ्यातली सपाट खाचरं तळाशी गेली. दुधनीला आपण होडीत बसून फोटो काढतो ना, त्या पाण्याखाली. मग करसवलती आल्या, कारखाने आले. 1961 मध्ये इथली लोकसंख्या 57,963 होती. 2011 मध्ये 3,43,709. या वाढत्या आकड्यातली मीही एक.

मावशींच्या घराने यातलं सगळं पाहिलं. फांदी तोडली तर दंड, म्हणून त्यांनी राबाचा आकार कमी केला. पुढे गिरणीतून भाताचा तूस आणायला लागल्या, तो जाळून त्याची राख वाफ्यात मिसळू लागल्या. कोकणात डॉ. नारायण सावंतांनी चारसूत्री भातशेती सांगितली, तिचं पहिलं सूत्र हेच. दर चौरस मीटर वाफ्याला अर्धा ते एक किलो तुसाची राख. तिच्यातल्या सिलिकाने रोप ताठ होतं, किडीला दाद देत नाही. दुसरं सूत्र गिरिपुष्पाचा पाला. बांधावर लावलेल्या गिरिपुष्पाच्या फांद्या चिखलणीत गाडायच्या, म्हणजे जंगलात जायला नको. तिसरं, चार-चार रोपांची मोजून आवणी. चौथं, त्या चारांच्या मधोमध युरिया-डीएपीची पावणेतीन ग्रॅमची एक गोळी खोल खोचायची, म्हणजे पाऊस ती वाहून नेत नाही. मावशींनी यातली दोन सूत्रं घेतली, दोन सोडली. दोरी लावून आवणी करायला बायका मिळत नाहीत, म्हणाल्या. शास्त्रज्ञाला कदाचित हे आवडणार नाही, पण मला पटलं. पाककृतीच्या पुस्तकातली प्रत्येक पायरी आपण तरी कुठे करतो?

गाईचंही तसंच. त्यांच्या खुरट्या डांगी गाई पाहून मी एकदा शहाणपणा शिकवला होता, की या विका आणि जर्सी घ्या. दूध किती देतात या? मावशी हसल्या. दूध वासराचं, आमचं कुठे? आम्हाला शेण आणि बैल पाहिजेत. नंतर वाचलं की डांगी जातीच्या कातडीतून तेलकट स्राव येतो आणि चार महिने पावसात चरूनही ती आजारी पडत नाही. पुढे सुनेच्या आग्रहाने एक संकरित गाय आली आणि डेअरीला दूध सुरू झालं. पण ती गाय पावसाळ्यात घराच्या ओसरीवर असते, आणि डांगी रानात. दोन्ही ठेवल्या. शेळ्या-कोंबड्याही आहेत. नातीच्या नर्सिंगची फी शेळ्या विकून भरली. त्या शेळ्यांचं पुढे काय झालं हे मी विचारलं नाही. मुलगी परिचारिका होणार याचा आनंद मात्र मनापासून झाला. या दोन गोष्टी माझ्या मनात अजून शेजारी शेजारी बसत नाहीत.

मुलगा कारखान्यात लागला, तेव्हा वाटलं की आता शेती संपली. तसं झालं नाही. त्याच्या पगारातून पंप आला, पंपावर वांगी, भेंडी, दुधी. 25 मार्च 2020ला टाळेबंदी लागली, कारखाना थांबला, पगारही. माझ्या इमारतीतले कामगार पायी गावाला निघाले. मावशींच्या घरात भात होता, तूर होती, गोठा होता. पास मिळाल्यावर मुलगा मोटारसायकलवर भाजी घेऊन आमच्या फाटकाशी आला, आणि त्याने भाव वाढवला नव्हता.

हे लिहिताना मला माझा भाऊ आठवत होता. वडिलांच्या वेळी घरी ज्वारी, भुईमूग, हरभरा, दोन म्हशी, खिलार बैलजोडी असं सगळं होतं. पाणी आलं, साखर कारखाने आले, आणि दादाने एकेक करत सगळं काढून नुसता ऊस केला. त्याला नावं ठेवणार नाही. त्या उसावर पोरांची शिक्षणं झाली, माझ्या माहेरपणाच्या साड्याही. 2019च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेचं पाणी आठवडाभर उसात उभं राहिलं. ऊस शेंड्यापासून कुजला. गुरं असती तर तीही सोडवून न्यावी लागली असती, अनेकांना ते जमलं नाही, हेही खरं. पण पाणी ओसरल्यावर दादाच्या रानात विकायला, खायला किंवा नुसतं बघायलाही काही नव्हतं. फोनवर तो मला म्हणाला, "अक्का, घरात शेण सारवायला सुद्धा नाही गं."

2021च्या जुलैत पुन्हा पूर आला. त्यानंतर मी त्याला मावशींच्या बांधावरच्या तुरीचं सांगितलं. "आमची जमीन वेगळी," म्हणाला. ते बरोबरच आहे.

यंदा वैशाखात खिडक्या उघड्याच ठेवल्या होत्या. पापड मात्र घरात, पंख्याखाली वाळवले. परवा दादाचा फोन आला. दीड एकर ऊस मोडून सोयाबीन केलंय, आणि वहिनीच्या हट्टाने एक म्हैस आणलीय. तिचा फोटो मावशींना दाखवला. त्यांनी फोन लांब धरून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "पेंढा कुठला घालतो तिला?"