साडेपाच फुटांचा मार्ग

नवी मुंबईची लोकल टेबलावर धावविण्याची हौस ज्याला आहे, त्याची पहिली अडचण इंजिनाची नव्हे, रुळांची. प्रतिकृतींसाठी तयार मिळणाऱ्या रुळांत बहुधा १६.५ मिलिमीटर अंतर असते. १:८७ प्रमाणात ते इंग्लंडच्या चार फूट साडेआठ इंची मार्गाशी जुळते. आपल्या साडेपाच फुटी मार्गाला १९.३ मिलिमीटर हवेत.

हा फरक आला कोठून? आपल्याकडेही आरंभी इंग्लंडचेच माप घेण्याचा विचार होता. सिम्स या इंजिनिअराने साडेपाच फूट सुचविले, डलहौसीने सहा मागितले; कंपनीच्या संचालकांनी साडेपाच ठरविले. १८५३ साली बोरीबंदराहून ठाण्याला गाडी गेली ती याच मापावर आणि १९९२ साली खाडी ओलांडून वाशीस पोहोचलेला मार्गही तेवढाच रुंद!

तीन मिलिमीटरांचे ते काय, असे कोणी म्हणेल. डबा एकदा समोरून पाहावा. अरुंद रुळांवर तो अवघडून उभा राहिल्यासारखा दिसतो. गाडीच १:१०२ प्रमाणात केली तर तयार रूळ चालतात. नाहीतर रूळ स्वतः बसवावे, काँक्रीटच्या स्लीपरांचा करडा रंग द्यावा, आणि हो, प्रत्येक चाकजोडीचा आसही तेवढाच लांब करावा.