कादंबरी घरात आली तेव्हा

‘स्वतंत्र’ हा शब्द आपण आज राष्ट्राला लावतो. एकोणिसाव्या शतकात तो मराठी पुस्तकाला लावण्याचीही वेळ आली होती. इंग्रजीतून वा संस्कृतातून उचललेली नव्हे, लेखकाने स्वतः रचलेली, ती स्वतंत्र कादंबरी. गंमत अशी की, ‘कादंबरी’ हे नाव मात्र उसनेच, बाणभट्टाच्या नायिकेचे!

सुरुवात भाषांतरांनी झाली, आणि त्यात कमीपणा नव्हता. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी इसाप मराठीत आणला, कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी गोष्टी आणल्या. मराठी गद्य त्यांच्याच बोटाला धरून चालायला शिकले. 1857 मध्ये बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ निघाले. प्रवासात भेटणाऱ्या विधवांची दुःखे त्यात आहेत. पण लेखक सतत आपल्या खांद्यावर हात ठेवून, यातून काय घ्यायचे ते सांगत राहतो. मी मास्तर असल्यामुळे ही खोड चटकन ओळखतो.

पुढे ‘मुक्तामाला’ (1861) आली, आणि 1868 मध्ये नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’. या ‘मंजुघोषे’ची प्रस्तावना मला मूळ कथेपेक्षाही मोलाची वाटते. आपल्या लोकांच्या नित्याच्या आयुष्यात मनोरंजक असे काही नाही, म्हणून कादंबरीकाराला अद्भुताकडे वळावे लागते, असा तिचा आशय. हसू नका, वाचकहो. माझ्या वर्गात निबंधाचा तास आला की दरवर्षी हेच ऐकतो : “सर, आमच्या घरी काही घडतच नाही.”

रिसबुडांना उत्तर मिळायला बावीस वर्षे लागली. 1890 मध्ये हरि नारायण आपटे यांनी पुण्यात ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो!’ क्रमशः छापायला घेतली. हरिभाऊ तेव्हा सव्वीस वर्षांचे. आपल्या सामाजिक कादंबऱ्यांना त्यांनी नाव दिले ‘आजकालच्या गोष्टी’. नायिका पुन्हा यमुनाच. पण ही यमुना स्वतः बोलते. माहेर, सासर, नवऱ्याने शिकवलेली अक्षरे, मुंबईचे थोडे मोकळे दिवस, वैधव्य, आणि शेवटी बळजबरीचे केशवपन. राक्षस नाही, विमान नाही. स्वयंपाकघर, माजघर आणि ओटी एवढ्याच जागेत माणूस किती छळला जातो, ते ती सांगते. लेखक मधून नाहीसा झाला, ही खरी कारागिरी.

हरिभाऊंवर पाल्हाळाचा आरोप होतो, तो खराही आहे. आठवड्याला मजकूर पुरवायचा म्हणजे कधी पाणी घालावेच लागते. मी स्वतः एक कादंबरी क्रमशः लिहिली आहे, तेव्हा याविषयी अधिक बोलत नाही! परंतु त्या पाल्हाळातच घरातली बोली शिरली : बायकांचे टोमणे, अर्धवट तोडलेली वाक्ये, रडताना मध्येच आठवलेली कामे. भाषांतरात ही बोली कुठून मिळणार?

हल्ली मी वर्गात ‘माझा आवडता ऋतू’ देत नाही. ‘आज सकाळी आमच्या घरात’ एवढेच फळ्यावर लिहितो. गेल्या श्रावणात एका मुलीने चारच ओळी आणल्या : आई चहात साखर घालते, तेव्हा आधी आजीकडे बघते. आजी डबा मोजते. पुढचे तिने अजून लिहून दिलेले नाही. मी दोनदा विचारले.