वेस आणि वेश

दिल्ली, दारव्हा, मंगरूळपीर आणि पोहा या आमच्या कारंजा लाडच्या चार वेशी. १६७० साली, सुरतेवरच्या दुसऱ्या स्वारीनंतर, शिवाजी महाराजांनी हे श्रीमंत गाव लुटले. धनिक पकडले गेले. पण स्त्रियांना हात लावायचा नाही, हा महाराजांचा दंडक. त्यांतला सर्वांत बडा असामी तेवढा बायकांचा वेश घेऊन निसटला, असे जदुनाथ सरकारांनी लिहिले आहे.

आज कचेरीची वेस म्हणजे नेटवर्क स्विचचा पोर्ट. पूर्वी तार खोचली, की कोणीही आत. कुठे यंत्राचा मॅक पत्ता पाहत. पण त्याची नक्कल करता येते. म्हणजे पुन्हा वेशच!

२००१ साली ‘८०२.१एक्स’ हे मानक आले. आधी पोर्ट बंद. यंत्राने पासवर्ड किंवा प्रमाणपत्र द्यायचे. स्विच स्वतः निवाडा करीत नाही. तो रेडियस सर्व्हरला विचारतो आणि होकार आला तरच वाट उघडतो.

त्यासाठी स्विचला सर्व्हरचा पत्ता आणि दोघांमधला गुप्त शब्द द्यावा, मग एकाच पोर्टवर पारख करावी. सर्व्हरकडे जाणारा पोर्ट मात्र वगळावा, नाहीतर पहारेकरी विचारणार कोणाला?

जुन्या प्रिंटरला ओळख सांगता येत नाही. त्याला मॅक पत्त्यावरच सोडावे लागते. त्याची आळी, म्हणजे व्हीलॅन, निराळी ठेवावी. त्याच्या वेशात दुसरा कोणी शिरलाच, तरी तो गावभर फिरू नये.