कागद, यंत्र आणि साक्ष

यावल एके काळीं हातकागदासाठीं आणि निळीसाठीं प्रसिद्ध होतें. त्याच गांवीं परवां माझ्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें मला मोबाइलवर एक चलच्चित्र दाखविलें. नंदुरबारचा शिरीषकुमार त्यांत बोलत होता. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं, अवघा पंधरा वर्षांचा असतां, जो मुलगा पोलिसांच्या गोळीस बळी पडला, त्याला यंत्रानें वाचा दिली होती. वर्गांतील मुलींचे डोळे पाणावले. माझे पाणावले नाहींत. आणि तसें कां व्हावें, याचा विचार करीत मी बराच वेळ बसलों.

ते शब्द त्याचे नव्हते. त्याच्यासह लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्याम हींही मुलें त्या दिवशीं पडलीं, एवढें सत्य पुरेसें भयंकर आहे. त्यांत कल्पिताची भर घातली, कीं उद्यां कोणी खऱ्याविषयींही विचारील, हेंही यंत्राचेंच कशावरून नव्हे? अत्याचार नाकारणाऱ्यास याहून सोयीचें साधन तें कोणतें?

तथापि यंत्र टाकून द्या, असें मी म्हणणार नाहीं. खानदेशचें १८८० चें गॅझेटिअर पाहण्यासाठीं विद्यार्थिदशेंत मला मुंबईस जावें लागलें. आज तें मुलांच्या खिशांत आहे. परंतु त्यांतला आवाज कोणाचा? ११ एप्रिल १८५८ रोजीं सातपुड्यांत अंबापाणी येथें इंग्रज फौजेची भिल्लांशीं लढाई झाली. त्यानंतर कित्येक कैद्यांना गोळ्या घालण्यांत आल्या, स्त्रियांना धरून नेण्यांत आलें. खाज्या नाईकाचें नांव राहिलें. त्या कैद्यांचीं नांवें कोठें शोधावयाचीं? यावलास कागद होत असे खरा. पण त्यावर भिल्लांची बाजू कोणीं लिहिली? गोळ्या झाडणाऱ्यांचे कागद मात्र जपले गेले, आणि आतां तेच घरोघर पोहोंचले आहेत.

अमेरिकेंत स्टीव्हन स्पीलबर्ग यांनीं १९९४ सालीं स्थापिलेल्या शोआ फाउंडेशनजवळ आज ज्यू-संहार व इतर नरसंहार यांच्या साक्षीदारांच्या पन्नास हजारांहून अधिक मुलाखती आहेत. पिंखस गटर या वृद्धाचीं तर उत्तरें अशा रीतीनें साठविलीं आहेत, कीं विद्यार्थ्यानें प्रश्न करावा आणि पडद्यावरील वृद्धानें उत्तर द्यावें. तें उत्तर मात्र त्यानें स्वतःच्या तोंडानें पूर्वीं दिलेलें असतें. यंत्र केवळ निवड करतें. शिरीषकुमाराच्या मुखीं शब्द घालणाऱ्यांनीं हा भेद नीट पाहावा.

त्या विद्यार्थ्यास मीं चित्र पुसून टाकावयास सांगितलें नाहीं. पायथ्याच्या पाड्यांवर जा, अनुमति घे, आणि वडीलधाऱ्यांनीं पूर्वजांकडून जें ऐकलें तें त्यांच्याच बोलींत टिपून आण, असें म्हटलें. तो म्हणाला, “सर, माझी आजीच पावरी बोलते. तिला मीं कधीं विचारलेंच नाहीं.”

पुढच्या रविवारीं तो गेला. ध्वनिमुद्रण चाळीस मिनिटांचें आहे. त्यांतील पहिलीं दहा मिनिटें आजीच त्याला प्रश्न विचारीत आहे.