फिफ्थ व्हील

फिफ्थ व्हील (पाचवे चाक) : ट्रेलर ओढणाऱ्या वाहनाच्या चासीवर, मागच्या आसाच्या जवळ बसवलेली खाच असलेली पोलादी तबकडी. ट्रेलरच्या पुढच्या भागाखाली असलेली उभी खीळ, म्हणजे किंगपिन, या खाचेत शिरली की तबकडीतले जबडे तिला धरतात. ट्रेलर ओढणे, त्याला वळू देणे आणि त्याच्या पुढच्या भागाचा भार पेलणे ही तिन्ही कामे हा एकच जोड करतो.

नाव : चारचाकी घोडागाडीचा पुढचा आस वळावा म्हणून त्यावर एक आडवे चक्र बसवीत, तेच पाचवे चाक. टांगा दोनचाकी, म्हणून त्याला ते लागत नसे, बग्गीला लागे. घोडे गेले तरी ट्रेलरच्या धंद्यात ओढणाऱ्या गाडीला अजून ‘घोडा’ म्हणतात.

नागपुरातील वापर : श्रीनगर–कन्याकुमारी (राष्ट्रीय महामार्ग 44) आणि सुरत–पारादीप (राष्ट्रीय महामार्ग 53) हे दोन रस्ते नागपुरात भेटतात. भिलाईचे पोलाद पश्चिमेकडे नेणारे ट्रेलर आणि कंटेनर डेपोतून बुटीबोरीसारख्या औद्योगिक वसाहतींकडे जाणारे कंटेनर याच जोडावर चालतात. 2018 साली केंद्र सरकारने आसभाराच्या मर्यादा वाढवल्या. ट्रेलरच्या जोडआसाला 21 टन, तिहेरी आसाला 27 टन आणि संपूर्ण गाडीला कमाल 55 टन अशी मुभा मिळाली. जुन्या घोड्याला नवा ट्रेलर लावताना तबकडीची क्षमता पुन्हा तपासणे त्यामुळे आवश्यक ठरते.

निवड : किंगपिन दोन मापांच्या असतात, 2 इंची आणि 3.5 इंची. नेहमीच्या मालासाठी पहिली, अतिजड मालासाठी दुसरी. तबकडीवर दोन आकडे कोरलेले असतात : उभा भार (टन) आणि ‘डी’ मूल्य (किलोन्यूटन). ‘डी’ मूल्य म्हणजे ओढ आणि धक्के सोसण्याची ताकद. समजा रिकामा घोडा 7 टन, तबकडीवरचा भार 11.5 टन आणि भरलेला ट्रेलर 32.5 टन, म्हणजे संपूर्ण गाडी 39.5 टन. घोडा व त्यावरचा भार मिळून 18.5 टन. 18.5 ला 32.5 ने गुणून 39.5 ने भागायचे, मग 0.6 आणि 9.81 ने गुणायचे. उत्तर येते सुमारे 90. तबकडीवरचा आकडा याहून मोठाच हवा.

आखूड गाडीचा प्रश्न : भारात बसलेला जोड मापात बसेलच असे नाही. वळताना ट्रेलरचा पुढचा कोपरा किंगपिनभोवती वर्तुळात फिरतो. ट्रेलर 2.5 मी. रुंद आणि किंगपिन त्याच्या पुढच्या कडेपासून 0.9 मी. मागे असेल, तर या वर्तुळाची त्रिज्या सुमारे 1.54 मी. येते. किंगपिनपासून केबिनची पाठ याहून जवळ असली, तर काटकोनी वळणावर कोपरा केबिनला भिडणार. तबकडी मागे सरकवावी तर भार मागच्या आसामागे जातो, पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंगची पकड सुटते.

अमेरिकेत आखूड हौद्याच्या पिकअपला राहण्याचा ट्रेलर जोडताना हीच अडचण येते. भारतात पिकअपवर हा जोड सहसा बसवत नाहीत. तिकडचा हौदा साडेपाच ते साडेसहा फूट, ट्रेलर सुमारे 8 फूट रुंद. उपाय म्हणजे सरकती तबकडी : रस्त्यावर आसावर, अवघड वळणाआधी एक फूटभर मागे. कोपरे कापलेल्या नाकाचा ट्रेलर असेल, तर स्थिर तबकडीही पुरते. राहण्याच्या ट्रेलरच्या वजनाचा 15 ते 25 टक्के भाग किंगपिनवर येतो. पिकअपच्या भारक्षमतेतून तो आधी वजा करावा.

जोडणी : घोडा मागे घेताना तबकडी खाली राहिली तर किंगपिन जबड्यांच्या वरच अडकते. गाडी जोडल्यासारखी दिसते आणि पहिल्या उतारावर सुटते. म्हणून जाणता चालक ट्रेलरचे टेकूचे पाय उचलण्याआधी बॅटरी घेऊन खाली वाकतो. तबकडी आणि ट्रेलर यांत फट नाही, जबडे किंगपिनच्या मागे मिटले आहेत, एवढे डोळ्यांनी पाहतो. मग ट्रेलरचे ब्रेक लावून घोड्याला पुढे एक हलका झटका देतो.