पोटात ठेवावयाची गोष्ट

वैद्यापाशी काही लपवू नये, असे आपल्याकडे म्हणतात. ह्या म्हणण्याला दुसरी एक बाजू आहे. ती बोलून दाखविली जात नाही, इतकेच. रोग्याने लपवू नये, कारण वैद्य ते दुसऱ्यास सांगणार नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात गुरू शिष्याला जे नियम बजावतो, त्यांत रोग्याच्या घरातील गोष्टी बाहेर नेऊ नयेत हा एक आहे. ग्रीसमधील हिपोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या शपथेतही तीच अट आहे. ज्वराच्या रोग्याला हा नियम म्हणजे एक सोय. मनाच्या रोग्याला मात्र तो उपचाराचा प्राणच होय. नाडी न बोलता कळते, मन बोलल्यावाचून कळत नाही.

पण ऐकलेले गुपितच कोणाच्या जिवावर उठणारे असेल तर? ह्या प्रश्नाचा अर्वाचीन इतिहास मला एका खटल्यात सापडतो. तो घडला कॅलिफोर्नियातील बर्कली येथे. आणि त्यातला एक धागा आपल्या देशातून गेलेला आहे.

१९६७ साली बंगालमधला एक तरुण जहाजबांधणीचे उच्च शिक्षण घेण्यासाठी बर्कलीच्या विद्यापीठात दाखल झाला. पुढल्या वर्षी तेथील इंटरनॅशनल हाउसमध्ये लोकनृत्याच्या वर्गात त्याची तातियाना तारासॉफ ह्या मुलीशी ओळख झाली. वर्षअखेरच्या रात्री तिने त्याचे चुंबन घेतले. तिच्या लेखी तो सणाचा आनंद होता, त्याच्या लेखी तो जन्माचा शब्द होता. तिने नकार स्पष्ट केल्यावर तो खचला. अभ्यास सुटला, खाणेपिणे सुटले. १९६९ च्या उन्हाळ्यात ती ब्राझीलला गेली, आणि इकडे तो एका मित्राच्या आग्रहाने विद्यापीठाच्या रुग्णालयात उपचार घेऊ लागला. तेथील मानसशास्त्रज्ञ डॉ. मूर ह्यांच्यापाशी त्याने सांगून टाकले, की ती परतली म्हणजे मी तिला ठार मारणार.

येथवरची हकीकत सांगून पुष्कळ जण एकदम निष्कर्षावर येतात: डॉक्टर गप्प बसला आणि मुलगी प्राणाला मुकली. निकालपत्र वाचले म्हणजे चित्र निराळे दिसते. डॉ. मूर गप्प बसले नव्हते. त्यांनी विद्यापीठाच्या पोलिसांना तोंडी कळविले, मग लेखी पत्र दिले, आणि ह्या तरुणाला रुग्णालयात अडकवून ठेवावे अशी मागणी केली. आणखी दोन डॉक्टरांचे मतही तसेच होते. पोलिसांनी त्याला ताब्यात घेतले. तो शुद्धीवर दिसतो असे ठरवून, आणि ‘त्या मुलीच्या वाटेस जाणार नाही’ असे वचन घेऊन, सोडून दिले. त्यानंतर विभागप्रमुखांनी ते पत्र परत मागविले, प्रती व टिपणे नष्ट करावयास सांगितले, आणि तरुणाला अडकवून ठेवण्याचा बेत रहित केला.

म्हणजे गुपित फुटले होते. रुग्णालयाला ठाऊक होते, पोलिसांना ठाऊक होते. ठाऊक नव्हते फक्त तातियानाला व तिच्या आईवडिलांना. दरम्यान त्या तरुणाने तिच्या भावालाच आपल्याबरोबर खोली घेऊन राहावयास राजी केले. उपचाराला तो पुन्हा गेला नाही. २७ ऑक्टोबर १९६९ रोजी त्याने तिच्या घरी जाऊन तिचा जीव घेतला. त्याला शिक्षा झाली, पण ज्यूरीला दिलेल्या सूचनांतील दोषामुळे १९७४ साली ती रद्द ठरली. खटला पुन्हा चालला नाही, आणि तो भारतात परतला.

तिच्या आईवडिलांनी विद्यापीठावर दावा लावला. १९७४ च्या डिसेंबरात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने, धोक्यातील व्यक्तीला सावध करणे हे उपचारकाचे कर्तव्य आहे, असे सांगितले. त्यावर मोठा गहजब झाला. फेरसुनावणी होऊन १ जुलै १९७६ रोजी न्यायमूर्ती टोब्रिनर ह्यांनी दुसरा निकाल लिहिला. त्यात कर्तव्याचे रूप बदलले: सावध करणे हा एक मार्ग झाला, कर्तव्य आहे ते त्या व्यक्तीच्या रक्षणासाठी रास्त ती काळजी घेण्याचे. लोकांचा जीव जेथे धोक्यात येतो, तेथे गुपिताची सवलत संपते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पोलिसांना मात्र त्या निकालाने जबाबदारीतून मोकळे केले.

न्यायमूर्ती क्लार्क ह्यांनी विरुद्ध मत नोंदविले, आणि मला ते झटकून टाकता येत नाही. त्यांचे म्हणणे असे, की बोललेले बाहेर जाईल अशी धास्ती बसली तर मनोरुग्ण बोलणार नाहीत, उपचाराला येणारच नाहीत, आणि धोका घटण्याऐवजी वाढेल. शिवाय कोण हिंसा करील हे आधी ओळखणे डॉक्टरांनाही साधत नाही. बर्कलीचाच दाखला पाहा! पोलीस दारी आले आणि रोग्याने उपचार सोडला. गुपित फोडल्याची किंमत द्यावी लागली, आणि ज्या जिवासाठी ती द्यावयाची, तो जीवही वाचला नाही.

म्हणूनच मला वाटते, बर्कलीतला दोष मौनाचा नव्हता, अर्ध्या वाटेवर थांबण्याचा होता. वरिष्ठांना कळविले, कागद पुढे सरकला, म्हणजे आपण सुटलो, ही समजूत घातक ठरली. १९८५ साली कॅलिफोर्नियाने कायदा करून ही जबाबदारी आखून दिली: ओळखता येईल अशा व्यक्तीला गंभीर धमकी असेल, तर त्या व्यक्तीला आणि पोलिसांना, दोघांनाही कळविण्याचा रास्त प्रयत्न करावयाचा. त्यातले ‘दोघांनाही’ मला तातियानाची आठवण करून देते.

आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क ठरविला. दुसऱ्याला इजा वा हिंसा होऊ नये म्हणून माहिती देता येते. पण तेवढ्याच कामापुरती, तिच्याहून एक शब्द जास्त नाही. ही अट मला मोलाची वाटते. रोग्याची सारी कहाणी चव्हाट्यावर मांडण्याचा परवाना त्यात कोणालाच मिळत नाही. मात्र कोणाला सांगावयाचे, केव्हा, आणि सांगून झाल्यावर रोग्याचा हात कसा धरून ठेवावयाचा, हे कलमात लिहिता येत नाही. ते समोर बसलेल्या माणसालाच ठरवावे लागते.