मुठेकांठचें रंगमंदिर

पुण्याकडे जाणारी आगगाडी कर्जतला थांबली म्हणजे ती आमच्यासाठींच थांबली, असें आम्हां कर्जतकरांना लहानपणीं वाटत असे. पुढें कळलें, कीं हा मान आमचा नव्हे, बोरघाटाचा आहे. घाट चढावयाचा तर गाडीला मागून लोटणारीं इंजिनें जोडावीं लागतात, आणि तीं जोडीपर्यंत गाडी येथें विसावते. तेवढ्या अवधींत फलाटावर वडे खपतात, आणि मुंबईचीं माणसें पुण्याला निघून जातात. आज ज्या वास्तूविषयीं मी आपणांशीं बोलणार आहें, ती पाहावयास मी याच गाडीनें गेलों होतों. ती वास्तु म्हणजे पुण्यांतील बालगंधर्व रंगमंदिर.

घाट चढतांना मनांत एक विचार घोळत होता. मराठी रंगभूमीचा इतिहास आणि या रुळांचा इतिहास हे दोन्ही जणूं बरोबरच वाढले. विष्णुदास भावे यांनीं सांगलीला 'सीता स्वयंवर' केलें तें १८४३ सालीं. दहा वर्षांनीं, १८५३ सालीं, मुंबईंत त्यांचे तिकीट लावून खेळ झाले. त्याच वर्षीं मुंबईहून ठाण्यापर्यंत आगगाडी सुरू झाली होती, परंतु घाटापर्यंत ती पोंचली नव्हती. १८५६ सालीं ती आमच्या खालापुर तालुक्यांतील खोपोलीपर्यंत आली, आणि १८५८ सालीं पुणें ते खंडाळा असा मार्ग वर तयार झाला. मधला डोंगर मात्र तसाच उभा होता. उतारूंनीं खोपोलीला उतरावें, पालखींत बसून अगर पायीं घाट चढावा, आणि खंडाळ्यास पुन्हां गाडी धरावी, असा पांच वर्षें क्रम चालला. १८६३ सालीं बोरघाटांतून रूळ गेले. पुढें १८८० सालीं पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'शाकुंतल' रंगभूमीवर आलें, आणि संगीत नाटकाचें युग सुरू झालें. त्यानंतर किती कंपन्यांचे पडदे, पेट्या, तबले आणि तंबोरे आमच्या स्टेशनावरून वर-खालीं गेले असतील, त्याची गणती कोणीं ठेविली आहे?

या कंपन्यांना स्वतःचें घर नव्हतें. त्यापूर्वीं आपल्याकडे लोकांनीं एकत्र बसून ऐकावयाचें स्थान म्हणजे देवळाचा सभामंडप. खोपोलीला नाना फडणविसांनीं बांधविलेलें शंकराचें देऊळ आणि त्यापुढील विस्तीर्ण तळें आजहि आहे. अशा देवळांच्या मंडपांत कीर्तन ऐकावयास येणाऱ्याला कोणी तिकीट विचारीत नसे. नाटक शहरांत आलें तेव्हां तें भाड्याच्या थिएटरांत उभें राहिलें. मालक एक, खेळ करणारे दुसरे, आणि आजचा मुक्काम उद्यां नाहीं. ज्या कलेनें महाराष्ट्राला पिढ्यान्‌पिढ्या जागविलें, ती कला पथारी पाठीवर घेऊन हिंडत राहिली.

नारायण श्रीपाद राजहंस हे या हिंडत्या संसाराचे सर्वांत लाडके पुत्र. लोकमान्य टिळकांनीं त्यांना 'बालगंधर्व' म्हटलें, असें सांगतात. १९०५ सालीं ते किर्लोस्कर मंडळींत आले, आणि १९१३ सालीं गंधर्व नाटक मंडळी निघाली. त्यांच्या स्त्रीभूमिकांतील शालू आणि दागिने पाहून घरंदाज स्त्रियांनीं आपली राहणी सुधारावी, इतका त्यांचा प्रभाव होता. १९२१ सालीं मुंबईंत टिळक स्वराज्य फंडासाठीं केशवराव भोसले यांच्यासह त्यांनीं 'संयुक्त मानापमान' केलें. परंतु खरे शालू, खरीं अत्तरें, खरे गालिचे हा थाट कर्जावांचून चालत नाहीं. ऋणाच्या ओझ्याखालीं कंपनी वांकली. बोलपटाचा काळ आला, तेव्हां १९३५ सालीं प्रभातच्या 'धर्मात्मा' या चित्रपटांत खुद्द बालगंधर्वांना उभें राहावें लागलें. हजारोंना ज्यांनीं रात्ररात्र आसन दिलें, त्यांना उतारवयांत स्वतःचें म्हणावें असें रंगगृह नव्हतें.

१२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, आणि मुठा नदीच्या पुरानें पुण्याचा कांठ उद्ध्वस्त केला. त्यानंतर अवघ्या पंधरा महिन्यांनीं, ८ ऑक्टोबर १९६२ रोजीं, त्याच नदीच्या डाव्या तीरावर रंगमंदिराचा पाया घालण्यांत आला. कोनशिला बसविली ती खुद्द बालगंधर्वांनीं. तेव्हां ते वृद्ध आणि विकल झाले होते. १५ जुलै १९६७ रोजीं ते गेले. वास्तु पुरी झालेली त्यांनीं पाहिली नाहीं. २६ जून १९६८ रोजीं, त्यांच्या जन्मदिनीं, यशवंतराव चव्हाणांच्या हस्तें तिचें उद्‌घाटन झालें. महानगरपालिकेनें बांधिलेल्या या रंगमंदिराच्या घडणींत पु. ल. देशपांडे यांच्या कल्पकतेचा मोठा वाटा होता. ज्याला घर नव्हतें त्याच्या नांवानें शहरानें घर बांधिलें, हें मला या कथेंतील सर्वांत मोठें वाटतें.

मी गेलों तो दुपारच्या नाट्यसंगीताच्या मैफलीला. आंत शिरतांच गोपाळ देऊसकरांनीं रंगविलेलीं बालगंधर्वांचीं दोन तैलचित्रें दिसतात, एक पुरुषवेषांतील आणि एक स्त्रीवेषांतील. प्रेक्षागृहांत सुमारे एक हजार माणसें बसतात. येथें संगीत नाटक होतें, लावणी होते, व्याख्यानें होतात, शाळांचीं स्नेहसंमेलनेंहि होतात. माझ्या शेजारीं एक वृद्ध गृहस्थ बसले होते. मध्यंतरांत मीं विचारलें, "आजोबा, नेहमीं येतां काय?"

ते म्हणाले, "तिकीट परवडतें तोंवर येतों. पाडून नवें बांधणार म्हणतात. बांधूं द्या बापडे. पण त्या नव्या दारांतून माझ्यासारख्याला आंत शिरतां येईल, एवढें कोणी लिहून देईल काय?"

मजजवळ उत्तर नव्हतें. गेल्या कांहीं वर्षांत हें रंगमंदिर पाडून त्या जागीं मोठें संकुल उभारण्याचा विचार पुढें आला, आणि रंगकर्मी व रसिक यांच्यांत त्यावरून दोन तट पडले. जुन्या वास्तूंत उणिवा आहेत, हें कोणी नाकारीत नाहीं. गाड्या उभ्या करावयास जागा अपुरी पडते, सोयी जुन्या झाल्या आहेत. तथापि मला या वादांत जर्मनींतील बॉन शहराची आठवण होते.

बॉन हें बीथोव्हेनचें जन्मस्थान. तेथें त्याच्या नांवाचें पहिलें सभागृह १८४५ सालीं त्याच्या पुतळ्याच्या समारंभासाठीं लांकडाचें, अवघ्या कांहीं दिवसांत उभें राहिलें. दुसरें १८७० सालीं झालें, तें १९४४ सालीं बाँबहल्ल्यांत नष्ट झालें. तिसरें १९५९ सालीं ऱ्हाईन नदीच्या कांठीं उघडलें. तेथें मैफली होतात तशा परिषदाहि भरतात, आणि बॉन पश्चिम जर्मनीची राजधानी असतांना तेथेंच चार वेळां राष्ट्राध्यक्षांची निवड झाली. पुढें या शहरांतहि जुनें पाडून नवें भव्य संगीतगृह बांधावें असा आग्रह निघाला. वाद झाला, वर्षें गेलीं, आणि २०१५ सालीं नव्याचा बेत सोडून देण्यांत आला. जुनेंच नीट करावयाचें ठरलें. दुरुस्तीचा खर्च अंदाजाच्या कितीतरी पट वाढला, हेंहि सांगितलें पाहिजे. जतन करणें स्वस्त असतें, असा माझा दावा नाहीं.

मग दावा कोणता? एवढाच, कीं सभागृह म्हणजे नुसत्या भिंती नव्हेत; तो शहरानें दिलेला शब्द आहे. जुनें राहो कीं नवें होवो, प्रश्न त्या आजोबांचा आहे. भाडें हौशी मंडळींना झेपेल काय? तिकीट निवृत्त शिक्षकाला परवडेल काय? बांधकाम चालेल तितकीं वर्षें नाटकानें कोठें जावें? हीं उत्तरें आधीं कागदावर यावींत, आणि कुदळ मागाहून उचलली जावी.

परतीच्या गाडींत घाट उतरतांना खालीं आमच्या कर्जतचे दिवे दिसूं लागले. त्या दिव्यांपलीकडे उल्हास नदी अंधारांत वाहत होती. दोन शहरांच्या मध्यें राहणाऱ्या आम्हां लोकांच्या वांट्याला कला आली ती बहुधा धांवत्या डब्यांतून, क्षणभर थांबून पुढें जाणारी. म्हणूनच कीं काय, जेथें ती मुक्कामाला राहिली, त्या घराची काळजी आम्हांला अधिक वाटते. पुणेकरांनीं त्या घराचा निर्णय करतांना एवढेंच ध्यानांत ठेवावें, कीं त्या दारापाशीं केवळ पुण्याचींच माणसें उभीं नसतात. घाटाखालचींहि कांहीं असतात, आणि शेवटची गाडी चुकण्याची भीति पत्करून तीं आलेलीं असतात.